ट्रक मीच विकला

सकाळी साडेसहाला लिओनेल ब्रिझब्वाचा फोन वाजायचा आणि त्यातून एक बाई बोलायला लागायची. "उठ, लिओनेल. आज मंगळवार. तीन वर्षांपूर्वी तू शिडीवरून पडलास, डोक्याला मार लागला. तेव्हापासून नवीन काही लक्षात राहत नाही. त्यात तुझी काही चूक नाही. जिनेट स्वयंपाकघरात आहे. आधी तोंड धू, मग निळ्या डबीतल्या गोळ्या घे."

बाई म्हणजे कोणी नव्हतीच, फोनच लिहिलेलं वाचून दाखवायचा. लिहिलेलं मात्र जिनेटचं, त्याच्या बायकोचं.

लिओनेल सपाता फरपटत खाली यायचा. "तीन वर्षं?"

"तीन."

"तबर्नाक," तो म्हणायचा. शिवी द्यायचीच झाली तर त्याला एवढी एकच यायची. मग खिडकीतून अंगणात बघायचा आणि जिनेट मनातल्या मनात आकडे मोजायची. एक, दोन, तीन. "माझा ट्रक कुठंय?"

"फोनमध्ये बघ."

तो खिशातून फोन काढायचा, 'ट्रक' शोधायचा आणि मोठ्यानं वाचायचा. "ट्रक मीच विकला. डॉक्टरांनी लायसन्स बंद केलं तेव्हा शांतपणे विचार करून मी ठरवलं. उगीच दारात गंजत ठेवण्यापेक्षा हे बरं. मला त्याचं वाईट वाटत नाही." मग मान डोलवायचा. "शहाणपणा केला म्हणायचा मी."

"केलास," जिनेट म्हणायची आणि टोस्टची ताटली पुढं सरकवायची. सगळं दोन मिनिटांत उरकायचं.

त्यानं ट्रक विकला नव्हता, आणि शांतपणे तर काहीच ठरवलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तळघरात, कपडे धुवायच्या मशीनला टेकून, जिनेटनं ती चार वाक्यं त्याच्या फोनमध्ये भरली होती. त्या गोष्टीला आता वीस महिने होऊन गेले होते.

लिओनेलनं उत्तरेकडच्या कापुस्केसिंग या लहानशा गावाच्या रस्त्यांवर सव्वीस हिवाळे नगरपालिकेची बर्फ हटवायची गाडी चालवली. कुठल्या ढिगाखाली आगीच्या बंबाचा नळ गाडला गेलाय, कोणाचा कुत्रा पहाटे बाहेर असतो, कुठल्या वळणावर बर्फ खालून काचेसारखा असतो, सगळं पाठ. ते अजूनही पाठ होतं. गॅरेजच्या छतावरचा ओला बर्फ ओढायला तो शिडीवर चढला तो नोव्हेंबरचा दिवस, आणि त्यानंतरचं सगळं मात्र कोरं. विमानानं त्याला सदबरीच्या इस्पितळात नेलं, अकरा आठवडे ठेवलं. परत आला तो चालत, बोलत, जुने विनोद सांगत. लोक म्हणाले, देवाची कृपा. जिनेटलाही आठवडाभर तसंच वाटलं. मग कळलं की नवीन सांगितलेलं दहा मिनिटं टिकतं, फार तर पंधरा. पुढं पालथ्या घड्यावर पाणी.

जिनेटचं तळघरात केस कापायचं छोटंसं दुकान होतं, दोन खुर्च्या आणि एक डोक्यावरचा ड्रायर. आठवड्यातून दोन दिवस ती वृद्धाश्रमातही केस कापायला जायची. ते सोडावं लागलं. आता एका कानानं गिऱ्हाइकाचं ऐकायचं आणि दुसरा कान जिन्याकडे.

मेंदूला मार लागलेल्यांसाठी काम करणारी शांताल महिन्यातून एकदा टिमिन्सहून यायची. तिनं फोन लावून दिला, फ्रिजवर वार आणि तारीख दाखवणारी पाटी लावली, पुढच्या दाराला घंटी बसवली. लिओनेलला तिनं चार महिने एकच गोष्ट शिकवली: काही विचारावंसं वाटलं की आधी खिशात हात घालायचा. रोज वीस-वीस वेळा. चार महिन्यांनी हात आपोआप खिशात जायला लागला. डोक्याला कळलं नाही, पण हाताला कळलं.

"नोंदी 'मी' म्हणून लिही," शांतालनं जिनेटला सांगितलं होतं. "स्वतःचं वाटलं तरच तो मानेल. आणि खरं तेच लिही. आपण पडताळून तरी बघू शकतो, त्याला ती सोय नाही."

जिनेटनं मान हलवली होती. तेव्हा ट्रक अजून दारातच होता.

लायसन्स बंद झालंय हे त्याला रोज नव्यानं सांगावं लागे आणि तो रोज नव्यानं भडके. पहिल्या उन्हाळ्यात दोनदा चावी घेऊन निघून गेला. दुसऱ्यांदा सापडला तो साठ किलोमीटरवर, महामार्गाच्या कडेला, चारी दिवे लुकलुकत ठेवून. कुठं निघालो होतो ते आठवेना म्हणून थांबलो, म्हणाला. त्याच आठवड्यात जिनेटचा भाऊ अर्मां येऊन ट्रक घेऊन गेला. तेव्हा लिओनेल फावडं घेऊन त्याच्या अंगावर धावला होता.

पुढं वेगळंच सुरू झालं. रोज सकाळी अंगण रिकामं बघून तो ओरडायचा, "ट्रक चोरीला गेला!" आणि पोलिसांना फोन. पोलिस भले लोक होते. तिकडून शेवटी म्हणायचे, "जिनेटला फोन द्या." सप्टेंबर ते फेब्रुवारी, रोज. मग ती चार वाक्यं लिहिली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ शांत झाली. किती शांत, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. शांतालला तर नाहीच.

त्या ऑक्टोबरात एका रविवारी अर्मां शिकारीहून येताना दोन रानकोंबड्या घेऊन आला. मटारचं सूप चुलीवर होतं. अर्मांची जीभ म्हणजे बिनब्रेकची गाडी.

"तुझा बर्फाचा मुकादम आता फार गरीब झालाय गं," तो लिओनेलकडे बोट दाखवून म्हणाला. "नाहीतर त्या दिवशी फावड्यानं माझी कवटीच फोडणार होता."

"कुठल्या दिवशी?" लिओनेलनं विचारलं.

"अर्मां, ब्रेड दे जरा इकडं," जिनेट म्हणाली.

"अरे, ट्रक नेला त्या दिवशी! तुझ्या हातातून चावी काढून घेणं म्हणजे अस्वलाच्या तोंडातून मासा काढणं."

लिओनेलचा हात खिशात गेला. त्यानं नोंद काढली, वाचली. "ट्रक मी विकला. इथं लिहिलंय."

"विकला? माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कोण उभंय मग?" अर्मां हसला, आणि बहिणीचा चेहरा बघून हसता हसता थांबला.

लिओनेलनं फोन खिशात टाकला. सूप अर्धं ठेवून उठला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. जिनेटला वाटलं, पंधरा मिनिटं जाऊ देत. तो बाहेर आला तेव्हा खरंच विसरलेला होता. रानकोंबड्या बघून म्हणाला, "अरे वा, अर्मां, कधी आलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला असताना जिनेटनं नेहमीसारख्या नोंदी तपासल्या. मध्येच एक नवी होती. मोठ्या अक्षरांत, चुकत माकत. "ट्रकची नोंद माझी नाही. जिनेटनं लिहिली. ट्रक अर्मांकडे. हे विसरू नकोस."

न्हाणीघरातल्या दहा मिनिटांत, निसटायच्या आत, त्यानं ते लिहून ठेवलं होतं. दहा मिनिटांचा धनी, पण ती दहा मिनिटं त्यानं वाया घालवली नव्हती.

वर पाण्याचा आवाज चालू होता. पोलिस, आरडाओरडा, अंगणात अनवाणी उभा असलेला नवरा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं नोंद पुसली.

पुसलेलं फोनमध्ये तीस दिवस राहतं, हे तिला ठाऊक होतं. पुसलेल्यांच्या यादीत ती नोंद बसून होती आणि शेजारी आकडा होता. एकोणतीस. मग सत्तावीस. बघायचं काही कारण नव्हतं, तरी ती रोज बघायची. चोराच्या मनात चांदणं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मादाम थिबोदो केसांना रंग लावायला आल्या. लिओनेल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून गप्पा मारत होता. मादामनी सहज विचारलं, गाडीबिडी चालवतोस का रे आता? "छे," तो म्हणाला. "मीच विकली. शांतपणे विचार करून ठरवलं. उगीच दारात गंजत ठेवण्यापेक्षा हे बरं." आता त्याला फोन बघावा लागला नव्हता. वीस महिन्यांच्या वाचनानं ती वाक्यं तोंडात बसली होती.

"किती समजूतदार नवरा," मादाम जिनेटला म्हणाल्या.

जिनेट हातमोजे घातलेल्या हातांत ब्रश धरून उभी राहिली. ही तिचीच वाक्यं. मशीनला टेकून, मोजे आणि चादरी धुतल्या जात असताना सुचलेली. घरात बोलायला दुसरं माणूस हे एवढंच, आणि त्याच्या तोंडूनही तिला तिचंच ऐकू येत होतं. भांडायचं तरी कोणाशी? सव्वीस वर्षं बर्फाशी भांडलेला हा माणूस 'मला त्याचं वाईट वाटत नाही' असं शुद्धीत असताना कधी म्हणालाच नसता.

मादाम गेल्यावर तिनं यादी उघडली. अकरा दिवस उरले होते. तिनं नोंद परत जागेवर ठेवली, वर गेली आणि फोन त्याच्यापुढं धरला. "वाच."

त्यानं दोनदा वाचलं. "हे मी लिहिलंय. मग ते दुसरं कोणी लिहिलं?"

"मी."

"माझ्या नावानं?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"वीस महिने."

"वीस महिने मी हे रोज वाचतोय?"

"रोज."

"आणि तू बघत बसलीस."

"टोस्ट भाजत होते."

तो उठला. "मला आठवत नाही म्हणून काय वाट्टेल ते भरायचं? मी काय कचऱ्याचा डबा आहे?"

"तू रोज पोलिसांना फोन करायचास, लिओ."

"मग करू द्यायचा!"

"आणि माझं काय?" जिनेटचा आवाज एकदम चढला. "तू ओरडतोस आणि दहा मिनिटांत मोकळा होतोस. ते सगळं माझ्याकडे साचतं. तू काय काय बोललास, कोणावर धावून गेलास, सगळं. दोघांचं एकटीनं लक्षात ठेवायचं म्हणजे काय असतं, माहितीय तुला? नाही माहीत. कसं असणार!"

मग तिच्या गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायच्या वहीतला एक कपटा फाडून त्यानं काहीतरी लिहिलं आणि फोनच्या कव्हरमध्ये खोचलं. "यातलं सगळं खरं नाही. जिनेट लिहिते." तो कपटा तिनं काढला नाही. काढायची ताकदही नव्हती आणि तोंडही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून फोनची सद्दी संपली. फोन म्हणायचा गोळ्या घे, तो कपटा बघायचा आणि डबी बाजूला सारायचा. फोन म्हणायचा तू आता कामाला जात नाहीस, तो कोट चढवून नगरपालिकेच्या गॅरेजला चालत जायचा. तिथले जुने सोबती त्याला कॉफी पाजून घरी आणून सोडायचे. जिनेट गोळ्या सूपमध्ये मिसळायचा विचार करायची आणि कानाला खडा लावायची. पुन्हा फसवणूक नको. ती नुसती विनवायची. कधी ऐकायचा, बरेचदा नाही.

गोळ्या झटके येऊ नयेत म्हणून होत्या. डिसेंबरात एका सकाळी तो स्वयंपाकघरात कोसळला. तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, पुढचा दात तुटला. जिनेट त्याला कुशीवर वळवून, डोक्याखाली आपला हात घालून, घड्याळाकडे बघत फरशीवर बसून राहिली. चार मिनिटं. इतकी लांब चार मिनिटं तिनं कधी मोजली नव्हती.

शांताल आली तेव्हा जिनेटनं सगळं सांगून टाकलं. शांतालनं कॉफीचा कप खाली ठेवला. "मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मला तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू महिन्यातून एकदा येतेस, शांताल. मी रोज असते."

शांताल लिओनेलकडे वळली. "बरं, तू सांग. कोणाचं ऐकशील तू?"

"कोणाचंच नाही."

"कोणाचंच?"

"माझं स्वतःचं ऐकेन."

"मग तूच बोल," शांताल म्हणाली आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. "लिहायचंच बंद. जे तुला पटेल ते तुझ्या आवाजात. जिनेटला काही सांगायचं असेल तर ती तिच्या नावानं सांगेल. तुझ्या नावानं कोणी एक अक्षर भरायचं नाही."

लिओनेलनं आरशात जाऊन तोंड बघितलं, परत आला आणि फोन तोंडाशी धरला. "लिओनेल, गाढवा, गोळ्या घे. नाही घेतल्यास आणि दात गेला. बाकीचे तरी ठेव." दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोनमधून तोच आवाज आला. आधी तो दचकला. मग जिभेनं दात चाचपला आणि डबी उघडली.

"आणि ट्रकचं काय बोलू?" शांतालला त्यानं त्याच दिवशी विचारलं होतं. "मला चालवता येतं की नाही हे मला कुठं माहितीय? हिनं सांगितलं म्हणून बोलू?"

त्याचं बरोबर होतं. शांतालनं सदबरीत गाडी चालवायची तपासणी ठरवली. जानेवारीत अर्मां त्यांना पाच तास गाडी चालवत घेऊन गेला. सबंध रस्ताभर तो चुकूनही काही बोलला नाही, हेही त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडलं.

तपासणीची गाडी दोन ब्रेकची होती. शेजारी, दुसऱ्या ब्रेकपाशी, तपासणी घेणारी एक शांत बाई, मागच्या सीटवर जिनेट. आधी वाचनालय, मग इस्पितळ, मग परत, एवढंच सांगितलं होतं. निघाला आणि जिनेटचा जीव सुपाएवढा झाला. बर्फावरून लिओनेलचे हात असे चालत होते की बघत राहावं. गाडी जरा घसरली तर त्यानं ती हलकेच सावरली. त्या बाईनंही भुवया उंचावल्या. तिसऱ्या सिग्नलला त्यानं विचारलं, "कुठं चाललोय आपण?" सांगितलं. पुढं परत विचारलं. मग रस्त्याचं काम लागलं, वळसा घालायची पाटी आली. वळसा घेता घेता तो मुक्काम विसरला, गोंधळला आणि एका एकेरी रस्त्यात उलटा घुसला. समोरून एक गाडी येत होती. शेजारच्या बाईनं ब्रेक दाबला.

आवारात परत आल्यावर तो उतरला आणि जिनेटपुढं हात पसरला. "फोन दे. लवकर. विसरायच्या आत."

तिथंच, उणे अठ्ठावीसमध्ये, उघड्या हातांनी फोन धरून तो बोलला.

"लिओनेल, मी लिओनेल बोलतोय. सदबरीतनं. ऐक. हात चांगले आहेत तुझे. पाय चांगले आहेत. पण कुठं निघालास तेच टिकत नाही. आज उलटा घुसलास. समोरच्या गाडीत मागं पोरं होती. ब्रेक दुसऱ्यानं मारला, तू नाही. चालवू नकोस. जिनेटनं शिकवलेलं नाही हे, मी डोळ्यांनी बघितलं. ट्रक अर्मांकडे आहे. जिनेटवर ओरडू नकोस." तो थांबला. श्वासाची वाफ झाली. "बरं, ओरड थोडं. पण मग पुरे कर."

अर्मांनं पाठ फिरवली आणि गाडीची काच खरवडायला लागला. ती आधीच स्वच्छ होती.

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येत नाही. जुन्या नोंदीनं दोन मिनिटांत भागायचं, आता अर्धा तास लागतो. साडेसहाला तो स्वतःचा आवाज ऐकतो आणि त्याच्याशी भांडतो. "हा कोण मला अक्कल शिकवणारा?" "अरे, पण आवाज तर माझाच." कधी पुन्हा पुन्हा लावून ऐकतो. कधी समोरच्या गाडीतल्या पोरांपाशी येऊन फोन बंद करतो, कधी रडतो. एकदा कप फोडला. जिनेट ओट्याशी उभी असते. तिला काही बोलावं लागत नाही, पण तिथून जाताही येत नाही. उतारवयात सकाळी एवढं ऐकायचं म्हणजे अंगातलं बळ नाश्त्याआधीच संपतं. तिनं काही टाइप केलेलं नाही एवढाच काय तो दिलासा, आणि त्यानं पाठदुखी थांबत नाही.

ट्रक अजून ताडपत्रीखाली आहे. विकायचा का, असं अर्मां दर महिन्याला विचारतो, कारण त्याला शेडमध्ये बोट ठेवायचीय. लिओनेल दर वेळी म्हणतो, विचार करून सांगतो.

जूनपासून मंगळवारी आणि गुरुवारी त्याला न्यायला त्याच्यासारख्यांच्या केंद्राची एक व्हॅन येते. पत्ते, जेवण, लाकूडकाम. चारला परत. त्या दिवशी दुपारी जिनेट गिऱ्हाईक घेत नाही, दुकानातल्या खुर्चीत मान मागं टाकून झोपते. इतर दिवशी मात्र दुपारी दोन ते तीन ही सगळ्यात कठीण वेळ. तोही दमलेला असतो, प्रश्न वाढतात.

एका बुधवारी दोन वाजता तळघरात कॉफीचा कप घेऊन बसली असताना तिला वरून फोन वाजलेला ऐकू आला. दोनची घंटी तिनं लावलेली नव्हती. शांतालनंही नाही, नंतर तिला विचारलं. मग त्याचा आवाज आला, फोनमधला, जरा दबका. "लिओनेल, जिनेट दमलेली दिसते. तासभर तिला काही विचारू नकोस."

कधी बोलून ठेवलं होतं कोणास ठाऊक. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. लिओनेल खाली आला आणि पायरीवर उभा राहिला.

"तू दमलीयेस का गं? फोन म्हणतोय."

जिनेटला हसू आलं. "हो, लिओ. खूप."

"मग झोप ना. मी बसतो इथं," तो म्हणाला आणि ड्रायरखालच्या खुर्चीत जाऊन बसला. दहा मिनिटांनी आपण इथं का बसलोय हे तो विचारणार होता. तोवर जिनेटनं डोळे मिटून घेतले.